हॅम रेडिओचा पहिला हँडी सेट कोणता घ्यायचा: आतापर्यंतची तुलना

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा परवाना आलाय, रिस्ट्रिक्टेड ग्रेड, व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन (हवेतलं माझं ओळखनाव), आता पहिला हँडी, म्हणजे हातात धरायचा सेट घ्यायचाय. यादी तीनवर आणलीये: बाओफेंगचा यूव्ही-५आर, क्वानशेंगचा यूव्ही-के५ आणि यासूचा एफटी-६०, तोही वापरलेला मिळाला तर. यासू खरं तर माझ्या बजेटमध्ये नाही, पण तो समोर ठेवला की स्वस्तात आपण नेमकं काय सोडतोय ते कळतं.

आधी वॅटचा विषय संपवतो, कारण सगळे तिथेच अडकतात. ५आर ४ वॅटचा, बाकी दोघं ५ वॅटचे. ४ वरून ५ म्हणजे १ डीबीसुद्धा (डेसिबल, ताकदीतला फरक मोजायचं माप) पूर्ण होत नाही, आणि समोरच्याच्या मीटरवर एक एस-युनिट, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा एक टप्पा वाढायला ६ डीबी लागतात म्हणजे चौपट पॉवर. त्यामुळे ८ वॅट, १० वॅट असल्या जाहिराती मी बघायच्या सोडून दिल्या. उंचीने मात्र प्रचंड फरक पडतो. अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणलं की रेडिओचं क्षितिज, म्हणजे सिग्नल साधारण जिथवर पोचतो ते अंतर, किलोमीटरमध्ये मिळतं. सपाट जमिनीवर सेट हातात धरून, म्हणजे दीड मीटरवर, हे अंतर जेमतेम ५ किमी येतं, आणि सिंहगड पुण्यापेक्षा साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, तिथून ११० च्या पुढे जातं. सेट तोच, बॅटरी तीच!

आता रिसीव्हर, ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. ५आर काय आणि के५ काय, दोन्हीत अख्खा रेडिओ जवळपास एका चिपमध्ये बसवलेला असतो, के५ मध्ये ती बेकेनची बीके४८१९. म्हणून तर किंमत एवढी खाली आली. पण अँटेना आणि चिप यांच्यामध्ये फिल्टर फार कमी असतात, त्यामुळे जवळ मोठा ट्रान्समीटर असला की रिसीव्हर दबतो आणि बारीक सिग्नल गायब होतो. सिंहगडावर दूरदर्शनचा टॉवर आहे, म्हणजे जिथे रेंज सगळ्यात भारी तिथेच रिसीव्हरची खरी परीक्षा. एफटी-६० डबल कन्व्हर्जन सुपरहेट आहे, म्हणजे सिग्नल दोन टप्प्यांत खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणून गाळतो, २००४ पासूनचं जुनं डिझाइन, अशा जागी तो स्वस्त सेटपेक्षा खूप शांत राहतो. पैसे त्याचेच आहेत आणि ते मला पटतात.

पण माझं मुख्य वेड आहे सॅटेलाइटमार्फत बोलणं, आणि तिथे गणित बदलतं. स्पेस स्टेशनचा रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर परत पाठवणारा सेट) चालू असला की अपलिंक, म्हणजे आपण वर पाठवतो ते, १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झ टोनसकट (हा टोन असला तरच रिपीटर उघडतो), आणि डाउनलिंक, म्हणजे वरून येणारं, ४३७.८००. स्टेशन जवळ येताना आणि लांब जाताना फ्रिक्वेन्सी सरकते, त्या डॉपलरमुळे डाउनलिंक साधारण १० किलोहर्ट्झ वर सुरू होऊन पास (स्टेशनची आपल्यावरून जाण्याची एक फेरी) संपेपर्यंत तेवढीच खाली जाते, म्हणून पाच मेमरी करून ठेवायच्या, ४३७.८१०, ८०५, ८००, ७९५, ७९०, सगळ्यांत ट्रान्समिट तेच १४५.९९०, आणि पास चालू असताना एकेक चॅनल खाली यायचं. व्हीएचएफवर (इथे १४५ मेगाहर्ट्झ) बोलून यूएचएफवर (इथे ४३७) ऐकणं ह्या स्वस्त सेटना मेमरीतून जमतं. स्वतःचा आवाज परत येताना ऐकायला फुल डुप्लेक्स, म्हणजे एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं लागतं, ते तिघांतही नाही, त्यासाठी दोन सेट हवेत, म्हणजे एका महागड्याऐवजी पुढेमागे दोन स्वस्त सेट हा विचार अजिबात वाईट नाही.

मेमरी चॅनल ५आरला १२८, के५ला २००, यासूला १०००. मला ५० सुद्धा पुरतील. कॉम्प्युटरवरून प्रोग्रामिंगला चर्प नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि तिन्ही सेटना चालतं, केबल फक्त नीट चिपची घ्या नाहीतर ड्रायव्हर डोकं खातो. अँटेना बदलताना कनेक्टर बघा, चिनी सेटला एसएमए (छोटा स्क्रूचा कनेक्टर) फीमेलवाली अँटेना लागते आणि यासूला मेलवाली.

तर सध्या माझा कौल के५ला. एक कारण म्हणजे सेटलाच यूएसबी-सी आहे, गडावर पॉवर बँकेवर चार्ज होतो, वेगळा डॉक न्यायला नको. दुसरं, हौशी लोकांनी ह्याचं फर्मवेअर, म्हणजे सेटच्या आतलं सॉफ्टवेअर, उलगडून नवीन लिहिलंय, त्यात स्पेक्ट्रम बघता येतो, आजूबाजूला नक्की कुठला सिग्नल त्रास देतोय ते डोळ्याला दिसतं, ह्या किमतीत हे मिळणं मला कमाल वाटतं. तसलं फर्मवेअर टाकणार असाल तर ट्रान्समिट आपल्याला परवानगी असलेल्या १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झमध्येच ठेवा, ह्यात तडजोड नको.

वाचलेले पैसे अँटेनात. सोबत ४९ सेंटीमीटर वायरचा तुकडा, अँटेना कनेक्टरच्या बाहेरच्या ग्राउंडला जोडून खाली सोडायचा. हँडीच्या छोट्या अँटेनाला दुसरी बाजूच नसते, ती हा तुकडा देतो, खर्च जवळपास शून्य. सेट आला की आधी रिपीटरवर वायरसकट आणि वायरशिवाय माझा सिग्नल कसा पोचतो याचा रिपोर्ट घेणार, मग स्पेस स्टेशन. तुमच्यापैकी कोणी के५ सिंहगडावर टॉवरच्या जवळ चालवला असेल तर बारीक सिग्नलचं काय झालं ते नक्की लिहा.