गंजलेल्या शाफ्टवर अडकलेला पंखा

एसीच्या किंवा कूलरच्या मोटरवर गंजून बसलेला पंखा काढायला घेण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि ती हातोडी उचलण्याआधी ठरलेली बरी. वाचवायचे काय आहे, मोटर की पाती? स्प्लिट एसीच्या आउटडोअरमधील प्लॅस्टिकचा पंखा तडकलेला असेल आणि मोटर ठणठणीत असेल, तर पंख्यावर दया दाखवण्याचे कारण नाही. तो कापून काढावा आणि नवा बसवावा. उलट, जुन्या विंडो एसीची मोटर जळली आहे, पंख्याचे माप आता बाजारात मिळत नाही, अशा वेळी हबच्या, म्हणजे पात्यांच्या मधल्या भागाच्या, मागून शाफ्टच (मोटरचा फिरणारा दांडा) करवतीने कापून टाकावा आणि उरलेला तुकडा लेथवाल्याकडून प्रेसवर दाबून काढून घ्यावा. मोटर आणि पाती दोन्ही चांगली असतील, तेव्हाच पुढचा खटाटोप करण्यात अर्थ आहे.

सोलापूरची हवा कोरडी, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे, मग इथे शाफ्ट एवढे गंजतात कसे, असे ग्राहक नेहमी विचारतात. इथला गंज बहुतेक आपणच ओतलेल्या पाण्यातून येतो. कूलरमध्ये बोअरचे जड पाणी भरले जाते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्यांचा पांढरा थर हबच्या तोंडाशी साचतो आणि ओल धरून ठेवतो. पाऊस सुरू झाला की तोच कूलर न पुसता जिन्याखाली किंवा गच्चीवर जातो आणि गुढीपाडव्याच्या सुमारास पुन्हा आठवतो. विंडो एसीमध्ये तर पंख्याच्या कडेला असलेले कडे खालच्या ट्रेमधील पाणी मुद्दाम कंडेन्सरवर उडवते, त्यामुळे मागचा शाफ्ट हंगामभर ओलाच असतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यांत आणखी एक भर पडते: सुताचे बारीक तंतू हबच्या मागे शाफ्टला गुंडाळले जातात आणि भिजलेल्या वातीसारखे तिथेच बसून राहतात. रंगाईच्या वाफेतील एक्झॉस्ट फॅनची अवस्था याहून वाईट असते.

हब आणि शाफ्ट यांच्यामधली फट मिलिमीटरच्या शतांशात मोजावी इतकी बारीक असते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून ती फट आतून भरत जाते आणि पाचर ठोकल्यासारखी दोन्ही धातूंना आवळते. म्हणूनच नुसते ओढून हा पंखा निघत नाही. आधी तो गंज सुटा करावा लागतो.

मुख्य वीजपुरवठा बंद करून, वीज साठवून ठेवणारा कॅपॅसिटर रेझिस्टरने रिकामा केल्याशिवाय आत हात घालू नये, हे सांगायला नकोच. त्यानंतर पंखा नेमका कशाने धरून ठेवला आहे ते पाहावे, कारण गंजाला दोष देत ओढाताण करणाऱ्याने कित्येकदा स्क्रूच सोडवलेला नसतो. बहुतेक स्प्लिट आउटडोअरमध्ये शाफ्टच्या टोकाचा नट उलट्या आट्यांचा असतो. पंखा फिरताना तो आपोआप आवळला जावा, यासाठी ही योजना असते. नेहमीच्या सवयीने पान्हा फिरवला तर तो नट सुटण्याऐवजी आणखी घट्ट होतो आणि शेवटी आटे जातात. धातूच्या पंख्याच्या हबमध्ये ग्रब स्क्रू, म्हणजे हब शाफ्टवर दाबून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू असतो, काही वेळा दोन असतात. त्यांच्या खाचेत मळ भरलेला असतो, तो सुईने कोरून काढल्यावरच ॲलन की (षटकोनी किल्ली) तळापर्यंत बसते. जुन्या यंत्रांत इंचाची मापे असतात. 1/8 इंचाच्या खाचेत 3 मिलिमीटरची की बसल्यासारखी वाटते, पण ती जवळपास 0.18 मिलिमीटर सैल असते आणि तेवढ्याने खाच गोल होऊन जाते. स्क्रू सोडवण्याआधी तो किंचित आवळावा. गंजाची पकड तुटल्याचा बारीक 'कट्' आवाज आला की मग उलटा फिरवावा. स्क्रू सैल करून थांबू नये, तो पूर्ण बाहेर काढावा, म्हणजे त्याच भोकातून तेल आत सोडता येते.

मग शाफ्टचा जेवढा भाग उघडा दिसतो तेवढा पॉलिश पेपरने चकचकीत करावा. मला विचाराल तर सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी आहे. पंखा ज्या वाटेने बाहेर येणार त्या वाटेवरच गंजाचा उंचवटा असेल, तर आतून सुटलेला हबही टोकाशी येऊन पुन्हा अडकतो. शाफ्टच्या सपाट बाजूवर बारीक कानस फिरवावी. ग्रब स्क्रूचे टोक शाफ्टमध्ये रुतते आणि भोवती धातूची कड उचलली जाते. स्क्रू सपाट बाजूवर असेल तर ती कड गोलाईच्या खालीच राहते, पण आधीच्या कोणी घाईत तो गोल भागावर आवळलेला असला, तर तीच कड हबला आतून कुरतडते. असा पंखा ओढण्याआधी हब शाफ्टवर थोडा थोडा फिरवून पाहावा, म्हणजे कड घासून कमी होते.

तेलाबद्दल प्रत्येक मिस्त्रीचे स्वतःचे मत असते. डब्ल्यूडी-40 हातात सर्वांच्या असते, पण 1953 साली ते मुळात धातूवरचे पाणी हटवण्यासाठी तयार झाले. त्याने काम होते, मात्र गंजात झिरपण्यासाठीच बनवलेले तेल त्याहून सरस ठरते. ॲसिटोन आणि गिअरचे पातळ तेल यांचे घरगुती मिश्रणही वापरले जाते. ते प्लॅस्टिकच्या पंख्याजवळ मुळीच नेऊ नये, कारण ॲसिटोनने बरीचशी प्लॅस्टिके विरघळतात किंवा तडकतात. तेल कोणतेही असो, त्याला वेळ हवा. संध्याकाळी सोडावे, हबवर पितळी पंचाने हलके टिचक्यांसारखे ठोके द्यावेत, आणि सकाळी यावे. मे महिन्यात हे ग्राहकाला सांगणे अवघड जाते.

"ओ मिस्त्री, रात्रभर काय करायचं? पोरं झोपत नाहीत उकाड्यानं. एक दणका द्या की!"

"दणका देतो काका, पण मग मोटर नवी घ्यावी लागंल."

एवढे सांगितले की बहुतेक काका सकाळपर्यंत थांबतात. दणक्याने नुकसान होते ते दिसत नाही, म्हणून त्याची भीती वाटत नाही. शाफ्टच्या टोकावर बसलेला घाव थेट बेअरिंगवर जातो. बुशच्या मोटरमध्ये बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) सरकतो, बेअरिंगच्या मोटरमध्ये गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात, आणि महिन्याभरात यंत्र घरघरू लागते. टोक फुलले तर पंखा त्यावरून कधीच निघत नाही.

सकाळी पुलर, म्हणजे पंज्यांनी हब धरून मधल्या स्क्रूने ओढणारे अवजार, लावावा. त्याचे पंजे पात्यांना न लावता हबच्या मागे बसले पाहिजेत, नाहीतर ॲल्युमिनियमची पाती वाकतात आणि पुढे पंखा डुलतो. शाफ्टच्या टोकाला आटे असतील तर त्यावर नट टोकाशी समतल ठेवावा, म्हणजे पुलरच्या स्क्रूने आटे चेपले जात नाहीत. स्क्रू आवळावा, थांबावे, पुलरच्या डोक्यावर हलका ठोका द्यावा, पुन्हा थोडे आवळावे. हब हलतो तेव्हा तांबडी भुकटी बाहेर येते. तिथे आणखी तेल सोडावे, हब जरा मागे ढकलावा आणि मग पुढे आणावा.

याने भागले नाही तर उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, म्हणून हॉट एअर गनने हब तापवला तर पकड सैल होते. प्लॅस्टिकच्या पंख्याला अर्थातच हा उपाय नाही. तेल आधी पुसून घ्यावे. गॅसची ज्योत मात्र मी वापरत नाही. आजच्या बऱ्याच एसींमध्ये आर-32 हा थंडाव्याचा गॅस असतो, काहींत आर-290, आणि दोन्ही पेट घेणारे आहेत. जुना आर-22 गळत असेल तर ज्योतीवर त्याचे विषारी वायू होतात, ज्यात फॉस्जीनही असतो.

एवढे करूनही हब हलला नाही, तर ग्राइंडरने हबला शाफ्टच्या दिशेने उभी चीर द्यावी, शाफ्टला पाते लागण्याआधी थांबावे, आणि छिन्नी घालून चीर उघडावी. पंखा गेला, मोटर राहिली.

नवा पंखा असो वा जुनाच, शाफ्टवर ग्रीसचा पातळ हात देऊन आणि ग्रब स्क्रू सपाट बाजूवरच आवळून तो बसवावा. काढण्याआधी हब शाफ्टवर किती आत होता, याची खूण करून ठेवलेली असली पाहिजे, कारण पंखा आवरणाच्या कड्यात थोडा पुढे-मागे झाला तरी हवा कमी फेकली जाते, कॉम्प्रेसर तापतो, आणि ग्राहक गॅस कमी झाल्याची तक्रार घेऊन पुन्हा फोन करतो.