सोलापूर ते मालवण: डॉल्फिनच्या त्वचेचे फोटो काढायला निघताय? आधी हे वाचा

‘डॉल्फिन सफारी’च्या होडीतून त्वचारोग ओळखता येईल असा फोटो मिळत नाही. जेट्टीवर आम्हाला नेमकं उलटं सांगितलं होतं: “मोबाईलवर पण येतील साहेब, होडीला चिकटूनच पळतात.”

सांगोला, मिरज, कोल्हापूर, फोंडा घाट. घाट दिवसाउजेडी उतरा, बाकी रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सोलापूरजवळच्या नान्नज-हिप्परग्याला पक्षी टिपणाऱ्यांकडे लांब पल्ल्याची लेन्स असतेच. सोबत पशुवैद्य मित्र होता. जनावराला हात न लावता, बायॉप्सीचा (तपासणीसाठी त्वचेचा तुकडा काढणारा) बाण न मारता किती कळतं, ते त्याला बघायचं होतं. होडीवाल्याने इंजिन भरधाव ठेवून कळपाचा पाठलाग केला, बाकीच्या होड्यांनी समोरून घेरलं. डॉल्फिन बुडी मारून गेले, आमच्याकडे फेस आणि शेपट्या. उतरल्यावर ठरलेल्या 3,000 चे 4,500 झाले, का तर “लांब गेलो”. ही सरळ लूट आहे. वर जनावरांचा छळ, आणि तोही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या जनावरांचा.

दुसऱ्या सकाळी एका मच्छीमाराची छोटी होडी घेतली. तो इंजिन बंद करून थांबला आणि कुबडवाले डॉल्फिन आपणहून शेजारून गेले. त्या एका तासासाठी मी पुन्हा एवढा प्रवास करीन!

सूर्य सकाळी जमिनीच्या बाजूला असतो, म्हणून होडी किनारा आणि कळप यांच्या मधे ठेवायला सांगा, म्हणजे ऊन पाठीशी येतं. उलट बाजूने ओल्या पाठीवर नुसती चकाकी येते आणि त्यात डाग हरवतो. कळपाला समांतर राहा, 50 मीटर तरी अंतर ठेवा. 400 मिमी लेन्स, शटर 1/1000 सेकंदापेक्षा वेगवान, रॉ (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली) फाईल. पाठीवरच्या पराच्या दोन्ही बाजू टिपा. पराच्या कडेच्या खाचांवरून तोच प्राणी पुढच्या वर्षी ओळखता येतो. डाग वाढला की भरला, हे तेव्हाच कळतं.

गोंदल्यासारखे करडे-काळे, ठिपकेदार डाग हे पॉक्सविषाणूचं (देवीच्या कुळातल्या विषाणूचं) लक्षण असू शकतं. फुगीर, पांढरट-गुलाबी गाठी दिसल्या तर बुरशीचा संशय घ्यायचा. पाण्याचा खारेपणा अचानक उतरून बरेच दिवस तसाच राहिला की फिकट चट्टे पडून व्रण होतात. ऑस्ट्रेलियात गिप्सलँडच्या सरोवरांत 2007 मध्ये असे डॉल्फिन दगावले. कॅलिफोर्नियाच्या आखातात निळ्या देवमाशांच्या पाठीवरचे उन्हाचे फोडही फोटोंवरूनच मोजले गेले. मात्र दुसऱ्या डॉल्फिनच्या दातांचे ओरखडे समांतर रेघांत येतात, तो रोग नव्हे. आणि फोटोवरून फक्त संशय घेता येतो. निदान प्रयोगशाळेतच होतं, त्यामुळे समाजमाध्यमावर रोगाचं नाव ठोकून देऊ नका.

परदेशात तपासणीसाठी ड्रोनला ताटल्या लावून देवमाशाचा उच्छ्वासही गोळा करतात. इथे परवानगीशिवाय ड्रोन बॅगेतून काढूच नका.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, होडीत ओलं काही नको. किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन दिसला तर हात लावू नका, चारही बाजूंनी फोटो काढा आणि वनविभागाला 1926 वर कळवा.

भाडं, वेळ आणि ‘इंजिन बंद’ ही अट निघण्याआधी सगळ्यांसमोर ठरवा. पैसे परतल्यावरच द्या.