फटी बुजवण्याआधी पंखा मोजा

अमेरिकेत जुन्या अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहत असाल, तर कधी ना कधी लॉबीत नोटीस लागतेच: इमारतीत ऊर्जाबचतीचं काम सुरू होतंय. नव्या खिडक्या, भिंतीत इन्सुलेशन, फटींमध्ये सीलंट. हीटिंगचं बिल उतरणार म्हणून सगळे खूश. पण त्याच फटींतून आजवर थोडीफार बाहेरची हवा आत येत होती. त्या बुजल्या की आंघोळीची वाफ, तळणीचा धूर, नव्या रंगाचा वास, सगळं घरातच कोंडतं आणि पुढच्या हिवाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. दोष इन्सुलेशनचा नसतो, कामाच्या क्रमाचा असतो.

फोडाफोडीआधी इमारतीचं वय विचारा. घरांसाठी विषारी शिशाचा रंग इथे 1978 साली बंद झाला. त्याआधीच्या इमारतीत एका खोलीतला 6 चौरसफुटांहून जास्त रंग खरवडायचा असेल किंवा खिडकी बदलायची असेल, तर पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, नियमानुसार प्रमाणित कंत्राटदारच लागतो. जमिनीवर कामाच्या जागेपासून किमान 6 फुटांपर्यंत प्लास्टिक हवं, त्या भागातल्या हवेच्या जाळ्या झाकलेल्या हव्यात आणि धूळ हेपा व्हॅक्यूमनेच, म्हणजे अतिबारीक कण अडवणारी गाळणी असलेल्या व्हॅक्यूमनेच, उचलायला हवी. कामगार कोरडा झाडू मारताना दिसला, तर काम थांबवायला सांगा. बारीक धूळ उडून सगळ्या घरभर बसते. जुन्या वाफेच्या पाइपांवरचं वेष्टण किंवा 9 इंची फरशा यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक असलेलं तंतुमय खनिज, असू शकतं. तपासणी झाल्याशिवाय त्यांना हात लावू देऊ नका. ओल असेल तर आधी गळती काढायची, भिंत सुकवायची, मगच इन्सुलेशन. ओल्या भिंतीवर ते चढवलं की बुरशी आतल्या आत वाढते आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

गॅसवर चालणारा वॉटर हीटर घरातलीच हवा घेत असेल आणि त्याचा धूर नुसत्या उष्णतेच्या जोरावर वर जात असेल, तर फटी बुजवल्यावर त्याची परीक्षा घ्यावीच लागते. खिडक्या आणि बाहेरची दारं बंद, घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे चालू, कपड्यांचा ड्रायरही चालू, आणि मग हीटर पेटवायचा. हीटरच्या डोक्यावरच्या झाकणाशी धुराची कांडी धरायची. पाच मिनिटांनंतरही धूर वर खेचला न जाता खोलीत पसरत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी, वास नसलेला वायूही त्याच वाटेने येणार. यावर खरा उपाय बाहेरून हवा घेणारा बंदिस्त हीटर. या वायूचा अलार्म हवाच, पण तो उपाय नव्हे.

आता मुख्य मुद्दा, पंखे. घरातल्या हवेसाठी इथलं प्रचलित मानक म्हणजे ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेचं 62.2. त्याचं गणित सोपं आहे: चौरसफूट गुणिले 0.03, अधिक बेडरूमच्या संख्येत एक मिळवून त्याला 7.5 ने गुणायचं. 800 चौरसफुटांच्या दोन बेडरूमच्या घराला 24 अधिक 22.5, म्हणजे मिनिटाला सुमारे 47 घनफूट बाहेरची हवा सतत लागते. शिवाय बाथरूमच्या पंख्याने गरजेला मिनिटाला 50 घनफूट ओढायला हवेत, शेगडीवरच्या हुडने 100. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर मात्र जाऊ नका. पिळलेला लवचिक पाइप, बाहेरच्या तोंडाशी साठलेला धाग्यांचा कचरा, अडकलेली झडप यांमुळे छापील 80 चा पंखा कधीकधी निम्मीही हवा ओढत नाही. टिश्यू पेपर जाळीला चिकटतो, एवढ्यावर समाधान मानणारे बरेच. त्यातून हवा ओढली जातेय एवढंच कळतं, किती ते नाही. जाळीवर धरून हवेचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लो हुड या उपकरणाने मोजायला सांगा आणि आकडा लेखी घ्या. शेगडीवरचा हुड धूर बाहेर टाकतो की जाळीतून गाळून परत तोंडावर सोडतो, तेही बघा. दुसरा प्रकार इथल्या भाड्याच्या घरांत फार.

अनेक उंच इमारतींत गच्चीवर एकच पंखा आणि सगळ्या मजल्यांना एकच उभा डक्ट, म्हणजे हवेचा बोगदा, असतो. जुन्या डक्टचे सांधे गळके असतात, म्हणून वरचे मजले जोरात ओढले जातात आणि खालच्या बाथरूममध्ये कागदही हलत नाही. नुसता मोठा पंखा बसवून हे सुटत नाही, फक्त वीज जास्त जळते. आधी डक्ट आतून सील करायचा, मग प्रत्येक जाळीमागे ठरलेलाच प्रवाह सोडणारं डँपर, म्हणजे हवेची झडप, बसवायचं, आणि शेवटी पंख्याचा वेग कमी करायचा.

फवारून फुगणारं इन्सुलेशन, म्हणजे स्प्रे फोम, मारला, तर उत्पादकाने सांगितलेली वेळ संपेपर्यंत घराबाहेर राहायचं. ती अनेकदा 24 तास असते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कामाआधी आणि नंतर रेडॉन, म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, मोजावा. 4 पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आला, तर ईपीए दुरुस्ती करायला सांगते.

आणि दाराखालची फट. काही इमारतींत ताजी हवा कॉरिडॉरमध्ये सोडतात आणि ती दाराखालून घरात येते, असाच मूळ आराखडा असतो. शेजारच्या सिगारेटचा वास नको म्हणून तिथे रबरी पट्टी लावली, की पंख्याला ओढायला हवाच उरत नाही. पट्टी लावायचीच असेल, तर आधी खिडकीत किंवा भिंतीत हवेसाठी वेगळी झडप बसवून घ्या.