लर्निंग लायसन्सवाल्या मुलीसाठी स्वस्त विमा शोधताना

यंदा मार्चमध्ये माझ्या मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली आणि त्याच आठवड्यात तिने घरबसल्या, आधारच्या आधारे, संगणकावर परीक्षा देऊन लर्निंग लायसन्स काढले. आम्ही पुण्यात राहतो आणि आमच्याकडे 2015 सालची, 998 सीसीची वॅगन आर आहे. परवान्याचा कागद छापून हातात आल्यावर तिच्या आईने विचारलेला पहिला प्रश्न असा होता की, ही गाडी चालवणार, तर हिचा विमा काढायला नको का? प्रश्न रास्त वाटला, म्हणून मी शिकाऊ तरुण चालकासाठी परवडणारा विमा शोधू लागलो. पुढचे दोन महिने मी जे शोधत होतो ते आपल्याकडे त्या रूपात अस्तित्वातच नाही, हे समजायला मला बराच वेळ लागला.

गोंधळाचे एक कारण घरातलेच होते. माझी थोरली बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते आणि तिचा मुलगा सतराव्या वर्षी गाडी शिकला. तिथे विमा ठरतो तो प्रामुख्याने चालकाकडे पाहून. गाडी कोण चालवणार त्यांची नावे पॉलिसीत नोंदवावी लागतात, सतरा-अठराच्या मुलाचे नाव आले की हप्ता झपाट्याने वाढतो, आणि तो कमी करण्यासाठी मुलाच्या वेगाची व ब्रेकची नोंद ठेवणारी पेटी गाडीत बसवतात. केवळ शिकण्याच्या काळापुरता, थोड्या मुदतीचा वेगळा विमाही तिथे मिळतो. गाडी प्रत्यक्षात मुलगा चालवणार असताना आईने स्वतःला मुख्य चालक दाखवून हप्ता वाचवला, तर तिथे ती फसवणूक ठरते. ताईने हे सगळे फोनवर इतक्या तपशिलाने सांगितले की आपल्याकडेही असेच काहीतरी असणार असे मी गृहीत धरले, आणि एका एजंटाने ‘मुलगी चालवणार असेल तर वेगळे पैसे पडतील’ असे सांगितल्यावर ते गृहीतक अधिकच पक्के झाले.

अखेरीस मी जे आधीच करायला हवे होते ते केले, म्हणजे आमच्या चालू पॉलिसीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यात चालकासंबंधीचे एक कलम असते आणि खासगी गाडीच्या पॉलिसीत ते सहसा एकाच मजकुराचे असते. अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याकडे वैध परवाना असावा आणि तो परवाना धारण करण्यास अपात्र ठरलेला नसावा, ही पहिली अट आहे. त्याला जोडूनच असे म्हटले आहे की, वैध शिकाऊ परवाना असलेली व्यक्तीही ही गाडी चालवू शकते, मात्र तिने केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 3 च्या अटी पाळल्या पाहिजेत. म्हणजे आमच्या मुलीला वेगळ्या विम्याची गरजच नव्हती. आपल्याकडे विमा गाडीचा असतो आणि तो माझ्या नावावर आधीपासूनच होता. हे वाक्य तिच्या अठराव्या वाढदिवसापूर्वी कितीतरी वर्षे आमच्या कपाटातल्या फायलीत पडून होते.

नियम 3 मात्र हलका घेण्यासारखा नाही, कारण विम्याचे सारे संरक्षण त्याच्यावर टेकलेले आहे. शिकणाऱ्याकडे मुदतीतला शिकाऊ परवाना असावा, आणि त्याची मुदत सहा महिनेच असते. सोबत वैध परवाना असलेली शिकवणारी व्यक्ती असावी आणि ती गाडी थांबवू किंवा ताब्यात घेऊ शकेल अशा जागी बसलेली असावी, म्हणजे मागच्या सीटवर मोबाइल पाहत बसलेला काका चालत नाही. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ अक्षर असावे. पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस असावी, आणि अक्षर किमान 10 सेंटिमीटर उंच, 2 सेंटिमीटर जाड व तळाशी 9 सेंटिमीटर रुंद असावे, इतक्या बारकाईने नियमात लिहिले आहे. बाजारात मिळणारे स्टिकर मी पट्टी लावून मोजले तेव्हा ते लहान निघाले. शेवटी मुलीनेच पुठ्ठ्यावर दोन पाट्या बनवल्या, आणि शाळेतल्या प्रकल्पांनंतर तिने कंपासपेटी उघडण्याची बहुधा ती पहिलीच वेळ असावी.

शिकवणाऱ्याचा परवाना वैध असावा, या अटीपाशी येऊन मी स्वतः अडकलो. मी 2005 सालच्या फेब्रुवारीत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी परवाना काढला होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे परवाना वीस वर्षे किंवा वयाची पन्नास वर्षे, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालत असे. मुलीला नियम वाचून दाखवताना तिने सहज माझे कार्ड हातात घेतले आणि शांतपणे म्हणाली, “बाबा, तुमचे लायसन्स गेल्या महिन्यात संपले आहे.” पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस परवाना चालू मानला जाई, पण 2019 च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. त्यामुळे घरात वैध परवाना असलेली एकटी तीच होती आणि तिला शिकवण्याची कायदेशीर पात्रता असलेले कोणीच नव्हते, कारण तिची आई गाडी चालवत नाही. मुदत संपल्यापासून वर्षभराच्या आत नूतनीकरण होते, चाळिशी ओलांडलेल्यांना त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते सोपस्कार पूर्ण होऊन परवाना हाती येईपर्यंत गाडी सोसायटीच्या आवारात झाकून ठेवली आणि मुलगी मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकली. त्या गाडीचा विमा ही शाळेची जबाबदारी असते, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. पहिले दहा-बारा दिवस तरी हेच बरे, असे आता वाटते.

आता पैशांकडे येतो. खासगी गाडीच्या हप्त्याचे मुख्यतः दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार तो सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवते, त्यामुळे तो कोणत्याही कंपनीकडे घेतला तरी सारखाच पडतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे 1000 सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 7,897 रुपये पडतात, शिवाय वस्तू व सेवा कर वेगळा. आमच्या गाडीचे इंजिन 998 सीसीचे आहे, म्हणजे अवघ्या दोन सीसीने आम्ही वर्षाला तेराशे रुपये वाचवतो. शिकणाऱ्या मुलासाठी जुनी गाडी घेणाऱ्यांनी हा आकडा आरसी बुकात आधी पाहावा, कारण 1197 सीसीची त्याच मापाची गाडी दरवर्षी वरच्या गटात मोजली जाते.

याच भागात एक सवलत अशी आहे की ती कोणी देऊ केली तरी घेऊ नये. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी गाडीला साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते, ते सहा हजारांवर आणले तर हप्त्यात शंभर रुपये कमी होतात. नवशिक्या मुलीच्या हाती गाडी देऊन समोरच्या महागड्या गाडीच्या दारासाठी सहा हजारांचा विमा ठेवणे, ही काटकसर नव्हे. दुसऱ्या माणसाला इजा झाली किंवा त्याचा मृत्यू झाला, तर मात्र थर्ड पार्टी विम्यात भरपाईला रकमेची मर्यादा नसते. अशा प्रसंगी चालक शिकाऊ होता एवढ्यावरून विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या खटल्यात स्पष्ट केलेले आहे.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. 2007 पासून त्याचे दर कंपन्या ठरवतात, म्हणून चार ठिकाणी विचारण्याला अर्थ असेल तर तो इथेच. या भागावर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात सवलत मिळते. एक वर्ष दावा केला नाही तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पुढे 50 टक्के. मी 50 टक्क्यांवर होतो. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. माझ्या मेहुण्यांनी अगदी प्रेमाने सुचवले होते की, गाडी मुलीच्याच नावावर करून टाका, म्हणजे तिला जबाबदारी कळेल. तसे केले असते तर तिला शून्यापासून सुरुवात करावी लागली असती आणि पुढचे वर्षभर या भागाचा हप्ता दुप्पट पडला असता. जबाबदारी शिकवण्याचे यापेक्षा स्वस्त मार्ग आहेत.

त्यांपैकी एक एप्रिलमध्ये आपोआप चालून आला. माझा परवाना नवा झाला होता, पाट्या लावलेल्या होत्या, मी शेजारी बसलो होतो, आणि तरीही पार्किंगच्या खांबाने आमच्या पुढच्या बंपरला गाठले. नवा बंपर चार हजार, रंग आणि मजुरी अडीच हजार, असे साडेसहा हजारांचे अंदाजपत्रक गॅरेजवाल्याने दिले. ओळखीच्या एका एजंटाने लगेच सांगितले, “क्लेम टाका, फक्त चालक म्हणून तुमचेच नाव लिहा.” या सल्ल्याचा मला अजूनही राग येतो. नियम 3 पाळलेला असताना खरे नाव लिहिल्याने काहीच बिघडत नव्हते, आणि खोटे लिहिले असते तर जो दावा वैध होता तोच संशयास्पद झाला असता.

दावा मी केला नाही, पण त्याचे कारण वेगळे होते. प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापला जातो, म्हणजे चार हजारांच्या बंपरचे दोनच हजार मंजूर होतात. रंग-मजुरी जवळपास पूर्ण धरली तरी साडेचार हजार होतात, आणि त्यातून आमच्या मापाच्या गाडीला सक्तीने कापले जाणारे एक हजार वजा केले की हातात साडेतीन हजार येतात. दुसरीकडे माझ्या गाडीचा हा हप्ता बोनसच्या आधी 5,200 रुपये होता. दावा केला असता तर पुढच्या वर्षी बोनस शून्यावर येऊन 2,600 रुपयांचा तोटा, त्यापुढील वर्षांत 1,560, 1,300, 780 आणि 260 रुपयांचा, म्हणजे बोनस पुन्हा 50 टक्क्यांवर पोहोचेपर्यंत एकूण 6,500 रुपये गेले असते. हे गणित मी मुलीलाच मांडायला लावले. साडेतीन हजारांसाठी साडेसहा हजार घालवायचे नाहीत, हे तिचे तिलाच कळले आणि बंपरच्या खर्चातले एक हजार रुपये तिने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून दिले.

त्या खांबामुळे मे महिन्यातले नूतनीकरण सोपे झाले. लहानसहान नुकसानीसाठी दावा करायचाच नसेल, तर तेवढी रक्कम आपण सोसू असे कंपनीला आधीच सांगून हप्ता कमी करून घेण्यात काय वावगे आहे? मी अडीच हजारांची ऐच्छिक वजावट स्वीकारली आणि 5,200 चे 4,700 झाले. चालवलेल्या किलोमीटरप्रमाणे हप्ता आकारणारे पर्यायही 2022 पासून मिळू लागले आहेत, परंतु दहा वर्षांच्या गाडीला बोनस वजा जाता उरलेल्या हप्त्यात त्यातून वाचणारी रक्कम इतकी किरकोळ होती की मी तो नाद सोडला. घसारा न कापणारी जोड पॉलिसी एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळतच नाही.

गाडीच्या मालक-चालकासाठी सक्तीचे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते माझ्याकडे आधीपासून वेगळ्या पॉलिसीने होते, त्यामुळे गाडीच्या पॉलिसीत पुन्हा घ्यावे लागले नाही. मात्र हे संरक्षण मालकाचे असते, गाडी मुलगी चालवत असताना तिला ते मिळत नाही, आणि माझ्या मते मुलांना गाडी देणारे आईबाप सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात ते इथेच. वाचलेल्या पैशांतून मी तिच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घेतली. ‘तरुण चालकाचा विमा’ म्हणून या साऱ्या खटाटोपात मी खरोखर काही नवे विकत घेतले असेल, तर एवढेच.

गाडीच्या पॉलिसीचा हिशेब असा झाला: स्वतःच्या नुकसानीचे बोनस वजा जाता 2,350, थर्ड पार्टीचे 2,094, त्यावर 18 टक्के कर, एकूण 5,244 रुपये. तिचा शिकाऊ परवाना सप्टेंबरपर्यंत चालेल आणि पक्क्या परवान्याची चाचणी त्याआधी द्यायची आहे. तोवर दर रविवारी सकाळी सातच्या आत आम्ही बाहेर पडतो, पुठ्ठ्याच्या पाट्या पावसात भिजू नयेत म्हणून तिने त्यांना प्लास्टिक चिकटवले आहे, आणि त्या खांबाला सोसायटीने आता पिवळा-काळा रंग दिला आहे.