कानाच्या मशीनचे सेल

आज आजोबांचा खण उपसताना त्यांच्या कानाच्या मशीनचे सेल सापडले. सहाचं पाकीट, त्यातले चार शिल्लक. शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, प्रत्येकावर केशरी स्टिकर.

हे सेल हवेवर चालतात. स्टिकर सोललं की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि आतलं जस्त कामाला लागतं. मग मशीन चालू असो वा बंद, सेल उतरतच जातो. स्टिकर परत चिकटवूनही फारसा उपयोग नसतो. आजोबांना हे पक्कं ठाऊक, त्यामुळे जुना पार संपल्याशिवाय नवा सोलायचे नाहीत. तासन्‌तास ठार बहिरे बसतील, पण नाही! आणि आम्ही आपले ओरडतोय.

"हे टाकू का गं?" मी आजीला विचारलं.

"हळू बोल की. मला येतं ऐकू."

तिला खरंच चांगलं ऐकू येतं. कायमच यायचं.

आजोबांना जाऊन वर्ष होत आलं. रडून झालं, कागदपत्रं झाली, कपडे वाटून झाले. "आता स्वीकारलंय आम्ही" असं मी चारचौघांत सांगतेसुद्धा. पण त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की माझा आवाज अजून आपोआप चढतो. गळ्याला बहुतेक कुणी कळवलंच नाही.

आजीने पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन तारीख वाचली, म्हणाली, "चांगले आहेत अजून. द्या कुणाला तरी."

१३ नंबरचे आहेत, न सोललेले. कुणाच्या घरी लागतात का?