रविवारचा मॉरिशस

मॉरिशसमधली वाळू कुणा एकाच्या मालकीची नाही. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथपर्यंतचा किनारा सार्वजनिक आहे, आणि त्याच्या मागची ८१.२१ मीटर रुंदीची जमिनीची पट्टी सरकारची. ही विचित्र संख्या फ्रेंचांच्या काळातली. किनाऱ्यालगतचा पन्नास पावलांचा पट्टा कुणालाही विकायचा नाही, असा हुकूम त्यांनी १८०७ साली काढला होता. पुढे इंग्रज आले, गेले, १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी तो पट्टा सरकारचाच राहिला. हॉटेलांना तो फक्त भाडेपट्ट्याने मिळतो. हे सगळं वाचून गेले होते, म्हणूनच पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बड्या हॉटेलसमोर रखवालदाराने अडवलं तेव्हा मला राग आला.

पाठीवर सॅक, हातात चपला, मी पाण्याच्या कडेने चालले होते. "मॅडम, तुम्ही आमच्याकडे उतरलात का?" त्याने अगदी नम्रपणे विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग तिकडून जा, पाण्यातून." मी म्हटलं, किनारा सगळ्यांचा आहे ना? "हो मॅडम, आहे," असं म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. त्याच्याशी माझं भांडण नाही. संध्याकाळी तो माझ्याच बसने घरी जाणार होता. भांडण आहे ते आरामखुर्च्यांची रांग थेट पाण्यापर्यंत आणून ठेवणाऱ्यांशी. त्या खुर्च्यांपुढे चालायला वाळू उरतच नाही, उरतं ते गुडघाभर पाणी. कागदावरचा हक्क जागेवर नाहीसा करण्याची ही पद्धत मला फार खटकली आणि अजूनही खटकते.

ओळखीतले जे कोणी मॉरिशसला जाऊन आले ते विमानतळावरून हॉटेलच्या गाडीत बसले आणि हॉटेलच्या गाडीतूनच परतले. बेट सुंदर आहे म्हणतात, ते खरंच आहे. पण एकटीने आणि कमी पैशांत जायचं तर मॉरिशस बसने बघावा लागतो, आणि माझ्या मते बघावा तो बसनेच. जेमतेम पासष्ट किलोमीटर लांब आणि पंचेचाळीस किलोमीटर रुंद बेट. क्युरपीपला किंवा पोर्ट लुईला गाडी बदलली की कुठूनही कुठेही पोचता येतं. कंडक्टर हातात चिटोरं देतो. ड्रायव्हर उसाच्या शेतांमधल्या अरुंद रस्त्यांवरून अशी गाडी हाणतात की समोरचा दांडा सोडता येत नाही. शाळकरी मुलांना आणि म्हाताऱ्यांना प्रवास फुकट. त्यामुळे दुपारच्या गाडीत मुलांचा गलका, सकाळच्या गाडीत पिशव्या घेतलेल्या आज्या. संध्याकाळी सहानंतर मात्र गाड्या झपाट्याने कमी होतात आणि टॅक्सीवाले सांगतील तो आकडा द्यावा लागतो. या एका गोष्टीसाठी माझे दोन सूर्यास्त अर्धे राहिले, त्याची हळहळ आहेच.

खाण्याची चिंता नाही. कुठल्याही बसस्टँडवर धोलपुरी मिळते. चण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, म्हणजे आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून घ्या. दोन पोळ्यांची जोडी, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचं रुगाय आणि मिरचीची चटणी, सगळं कागदात गुंडाळून हातात. आपल्या शंभर रुपयांत पोट भरतं.

जुलै होता, ऊसतोडणीचा हंगाम. क्युरपीपला पाऊस आणि थंडी, एवढंच आठवतं. शामारेलची रंगीत माती बघितली. तिकीट महाग आणि गर्दी दाट. दक्षिणेला ग्री-ग्रीला प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, त्यामुळे लाटा थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतात. तिथे मात्र बराच वेळ बसून राहिले. इतर किनाऱ्यांवर भिंतीच्या आतलं पाणी इतकं शांत असतं की कोकणातल्या माणसाला तो समुद्र वाटतच नाही.

ल मॉर्नच्या डोंगरावर पहाटे निघून चढले. ५५६ मीटरचा हा सुळका पळून गेलेल्या गुलामांचा आसरा होता. १८३५ च्या १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपली. ती बातमी सांगायला शिपाई वर आले, ते धरायलाच आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा इथे सांगतात. वरच्या टप्प्यात हाताने धरत चढावं लागतं. खाली निळं-हिरवं पाणी आणि हॉटेलांची छपरं दिसतात.

बसमधून सगळ्यात जास्त बघत बसले ते दगडांचे ढीग. ऊस तोडलेल्या रानात मधोमध काळ्या दगडांचे मोठाले रचलेले ढिगारे उभे असतात. शेत मोकळं करताना मजुरांनी हे दगड हातांनी उचलून तिथे रचले. दगड बेसॉल्ट, सह्याद्रीचाच. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की जमिनीखालच्या ज्या तप्त जागेतून सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, तीच जागा पुढे मॉरिशसला जन्म देऊन गेली, आणि आज ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. हे माहीत असल्यामुळे ते ढीग बघताना आपल्याच डोंगराचा दगड आपल्याच माणसांनी इथे वाहिला, असं सारखं मनात येत होतं.

आपलीच माणसं, कारण त्यातली काही मुंबई बंदरातून आली होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर हिंदुस्थानातून या बेटावर आले, त्यातले बहुतेक इथल्या पायऱ्या चढून. बिहारकडचे सर्वांत जास्त, मग तमिळ, तेलुगू, आणि रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठी. जुन्या आवाराचा बराच भाग रस्त्याखाली गेलाय, शेजारून गाड्या धावतात. तिकीट नाही. मी गेले तेव्हा आत शाळेची एक सहल होती आणि मी. पर्यटक पलीकडच्या बाजारात.

आता रविवार.

रविवारी फ्लिक-ऑ-फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जायचं असं मला गेस्टहाऊसच्या बाईंनी सांगितलं होतं. जाऊन बघते तर सुरूच्या झाडांखाली अख्खं बेट उतरलेलं. भाड्याच्या बसमधून वाड्याच्या वाड्या आल्या होत्या. गॅसच्या शेगड्या, बिर्याणीचे हंडे, ताडपत्र्या, झाडाला बांधलेल्या झोळ्यांत तान्ही बाळं. एका घोळक्याने शेकोटी पेटवून तिच्यावर रवान धरला होता. रवान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ, तो तापवल्याशिवाय चढत नाही. मग सेगा सुरू झाला. गुलामांनी सुरू केलेलं हे गाणं-नाचणं २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, पण तिथे कुणी ते दाखवण्यासाठी नाचत नव्हतं. बायका हातातला डाव बाजूला ठेवून दोन मिनिटं नाचायच्या आणि परत हंड्याकडे जायच्या.

मी एका झाडाशी टेकून धोलपुरी खात होते. शेजारच्या ताडपत्रीवरच्या आजींनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू खयची गो?"

माझा घास हातातच राहिला. चिपळूणला माझी आजी अशीच हाक मारायची. मी म्हटलं, चिपळूणची. त्यांना चिपळूण माहीत नव्हतं. रत्नागिरी म्हटल्यावर त्यांनी ताडपत्रीवर हात थोपटला, "बस, बस." मग मला तिथून उठताच आलं नाही.

आजी कास्कावेलच्या. किनाऱ्यापासून जवळच हे गाव आहे, मराठी लोकांची जुनी वस्ती. त्यांचं मराठी म्हणजे आईच्या तोंडून ऐकलेलं, आणि निम्म्याहून जास्त वाक्यं क्रेओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत संपणारं. मुलगा आणि सून क्रेओलच बोलतात. नातू शाळेत मराठी शिकला, त्याला वाचता येतं, पण बोलायला लाजतो. गणपतीची आरती मात्र सगळ्यांना पाठ. गणेश चतुर्थीला तिथे सगळ्या देशाला सुट्टी असते, आणि पहिला गणपती १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात बसला असं मानतात. विसर्जन कुठे करता विचारलं तर आजींनी मान वळवून समोरच्या पाण्याकडे बघितलं.

सुनेने माझ्या हातातला कागद काढून घेऊन ताट दिलं. बटाटे घातलेली कोंबडीची बिर्याणी, काकडी, मोहरी-हळदीचं भाज्यांचं लोणचं. नको म्हणायची सोय नव्हती. मी रखवालदाराचा प्रसंग सांगितला. मुलगा हसला नाही. त्याने दक्षिणेकडे बोट केलं आणि म्हणाला, आम्ही लहान असताना तिकडेही बसायचो, आता तिथे कुंपण आहे. आजींना ते ऐकायचं नव्हतं. त्यांनी नातवाला काहीतरी सांगितलं आणि त्याने फोन काढला.

फोनवर एका जुन्या नोंदीचा फोटो होता. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, तिथून काढलेली नक्कल. आजींच्या पणजोबांची. एक नंबर, नाव, बापाचं नाव, वय बावीस, उंची, कपाळावर व्रण, जहाजाचं नाव. जिल्हा रत्नागिरी. आणि गाव. ते गाव कुणाला लागत नव्हतं. इंग्रजीत लिहिलेलं, क, मग शाईचा डाग, मग ल आणि शेवटी सी असं काहीतरी. नातू म्हणाला, नकाशात खूप शोधलं. आजी माझ्याकडे बघत होत्या. रत्नागिरीची माणूस समोर बसलीय म्हणजे तिला गाव ठाऊक असणारच, असा तो चेहरा.

मला ठाऊक नव्हतं. पण माझे बाबा महसूल खात्यात होते, जुने सातबारे आणि मोडी दस्त वाचण्यात त्यांचा जन्म गेला. मी फोटो पाठवून व्हिडिओ कॉल लावला. चिपळूणला दुपारचे अडीच वाजले होते, मागे पागोळ्या धो धो वाहत होत्या. बाबांनी चष्मा चढवला, फोटो मोठा करून बघितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"तालुका लिहिलाय का?"

"नाही बाबा."

"ही रत्नागिरी म्हणजे तेव्हाची रत्नागिरी. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ ला. म्हणजे हे गाव मंडणगड-दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही असू शकतं. त्याने सांगितलं तसं साहेबाने ऐकलं, आणि ऐकलं तसं लिहिलं." मग सावकाश म्हणाले, "दापोलीची केळशी असेल. नाहीतर मालवणचं काळसे."

मी आजींना दोन्ही नावं सांगितली. त्यांनी ती दोन-तीनदा म्हणून बघितली. मग फोनकडे झुकून बाबांनाच विचारलं, समुद्र कुठे आहे?

"केळशीला आहे. काळसे जरा आत."

"मग केळशी," आजी म्हणाल्या.

"असं नाही हो ठरवता येत, मावशी," बाबा म्हणाले. पण फोन बंद केला नाही. केळशीचं देऊळ, तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या, काळशातली भातशेती, जे जे आठवेल ते सांगत राहिले. मी आणि नातू मिळून आजींना समजावत होतो. निम्मं कळलं असेल, निम्मं नाही. शेजारी रवान वाजतच होता. शेवटी दोघांनी एकमेकांना तब्येतीला जपायला सांगितलं आणि फोन ठेवला.

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी बावीस वर्षांचा एक मुलगा कारकुनासमोर उभा राहून आपल्या गावाचं नाव सांगतो आणि त्यावर शाईचा थेंब पडतो. याचं वाईट मला अजून वाटतंय. उंची नोंदवली, कपाळावरचा व्रण नोंदवला. मळ्यातून पळाला तर ओळखायला ते लागणार होतं. गावाचं काम त्यांना नव्हतं.

संध्याकाळची बस खचाखच होती. सुनेने उरलेली बिर्याणी डब्यात भरून दिली होती, डबा परत न मागता. सोमवारी माएबूरचा आठवडी बाजार बघितला आणि तिथूनच बसने विमानतळावर गेले.

बाबा त्या दिवसापासून कामाला लागलेत. दापोलीतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन झाले, आता मालवणकडचे चालू आहेत. नातवाने जहाजाचं नाव आणि पोचल्याची तारीख पाठवली आहे, ती १८५० च्या दशकातली आहे. केळशीत किंवा काळशात कुणाच्या घरी, त्या काळात मुंबईला म्हणून गेलेला आणि परत न आलेला पणजोबांचा एखादा भाऊ आठवणीत असेल, तर मला जरूर कळवा. आजी ब्याऐंशीच्या आहेत, तेव्हा लवकर कळवा.