लान्झारोटेचा वारा, १८० किलोमीटर आणि ३४ दातांची कॅसेट

लान्झारोटेची आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि पळणं एकाच दिवसात) करून आलो, तेव्हापासून पुण्यातली ट्रायथलॉनवाली मंडळी भेटली की आधी विचारतात "किती तासांत झालं?" आणि लगेच पाठोपाठ "कॅसेट कुठली लावलीस?" कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच. पहिल्याचं उत्तर सोपं, कटऑफच्या (ठरवून दिलेल्या वेळेच्या) बऱ्यापैकी आत, पाय शाबूत. दुसऱ्याचं जरा लांबलचक आहे म्हणून लिहूनच काढतोय, पुढच्या मे महिन्यात जायचं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी. पोहणं-पळणं यावर फार काही लिहिणार नाही, ते सगळीकडे तेच.

लान्झारोटे म्हणजे स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक, नकाशात बघाल तर स्पेनपेक्षा आफ्रिकेच्या किनाऱ्याला जवळ. १९९२ पासून तिथे आयर्नमॅन होते. सायकलचा कोर्स १८० किलोमीटर, त्यात चढ जवळपास २५०० मीटर, पण आकडा बघून "हे काय, आपण महाबळेश्वर करतोच की" म्हणू नका, कारण खरा खेळ वाऱ्याचा आहे. ईशान्येकडून सतत वाहतो, आणि आडोशाला झाड म्हणाल तर जवळजवळ नाहीच, सगळा काळा लाव्हा. १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं तिथे ज्वालामुखी धगधगत होता, त्यात बेटाचा मोठा भाग गाडला गेला. ला हेरिया भागात द्राक्षाचे वेल बघितले, एकेका वेलाला जमिनीत खोल खड्डा आणि त्याच्या कडेला काळ्या दगडांची अर्धगोल भिंत, गुडघ्याएवढी, चुना-सिमेंट काही नाही, नुसते दगड रचलेले. भिंत वाऱ्याच्या बाजूला, उघडी बाजू उलटीकडे. रेसच्या आधी सायकल घेऊन फिरताना या भिंती बघत चला, वारा कुठून येणार ते ॲप उघडायच्या आधी कळतं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे गिअर ठरवताना सगळे चढाचे टक्के बघतात. सिंहगड चढतो ना, मग झालं. वाऱ्याच्या कोर्सवर हे गणित चुकतं. मी घरी बसून साधा हिशोब मांडला होता, तोच देतो. सायकल आणि माणूस मिळून ८२ किलो, चढ ६ टक्के, वेग ताशी १०. वारा नसेल तर साधारण १५० वॉट लागतात. तोच चढ, तोच वेग, फक्त समोरून ताशी २५ चा वारा, की लागतात २०५ च्या आसपास. म्हणजे सहाचा चढ पायांना साडेआठचा लागतो, आणि बोर्डावर मात्र सहाच लिहिलेलं असतं. ज्याचा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद) २१० वॉट आहे त्याने पुढे मॅरेथॉन पळायची असताना २०५ वॉटवर चढणं म्हणजे कार्यक्रमच झाला. तो १५० लाच राहायला बघेल, मग वेग येतो साधारण साडेसात. आणि साडेसातला ३४-२८ गिअरवर (पुढच्या चक्राला ३४ दात, मागे २८) केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, पडतो ५० च्या खाली-वर. ५० ने तास-दीड तास रेटत बसलात तर गुडघे आणि मांड्या पळताना हिशोब मागतात. ३४-३२ वर तोच ५६, ३४-३४ वर ६०. साठसुद्धा काही फार छान नाही पण बसून, श्वास ताब्यात ठेवून चढता येतं.

म्हणून मी पुढे कॉम्पॅक्ट ५०-३४ (५० आणि ३४ दातांची दोन चक्रं) आणि मागे ११-३४ (११ पासून ३४ दातांपर्यंतची कॅसेट) लावली. यावर बरेच जण नाक मुरडतात, "एवढी मोठी कॅसेट म्हणजे दोन गिअरमधे खड्डे, फ्लॅटला केडन्स बसत नाही." ऐकायला बरोबर वाटतं पण शिमानोची ११ स्पीडची ११-३४ जरा नीट दात मोजून बघा. ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. खड्डे आहेत ते लहान दातांकडे, ११ ते १५ मधे, जे तुम्ही पाठीवर वारा असताना नाहीतर उतारावर वापरता, आणि तेव्हा केडन्स पाच-दहाने इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं? आणि १७ ते २७ मधे सगळीकडे फक्त दोन-दोन दातांचा फरक. समोरून वारा असताना सपाट रस्त्यावर वेग असतो २१ ते २८, म्हणजे पुढे ५० आणि मागे १९ ते २५, ८५ च्या केडन्सला. तासन्‌तास तिथेच राहायचं असतं. याउलट ११-३२ मधे १८, २०, २२ आणि मग एकदम २५, २८. वारा थोडा वाढला, तुम्ही २२ वरून २५ वर गेलात की एकदम पाय मोकळे फिरतात, परत २२ वर आलात की जड, असं दिवसभर चालतं. माझ्या मते वाऱ्यासाठी ११-३४ ही ११-३२ पेक्षा सरस आहे, नुसत्या चढासाठीच नाही.

५२ किंवा ५३ ची चेनरिंग (पुढचं दातेरी चक्र) हवी का असं विचारणाऱ्यांसाठी : ५०-११ वर ९० केडन्सला ताशी ५१ मिळतात. त्याच्या पुढे उतार असेल तर गप्प बसून एरो व्हा (वारा कापायला अंग वाकवा), पेडल मारून मिळतं त्यापेक्षा जास्त जातं. पोडियमवाल्यांची गोष्ट वेगळी, ते हे वाचत नाहीयेत.

बसवताना तीन गोष्टी बघा. एक, मागचा आरडी (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारी यंत्रणा) लांब केजचा हवा, केज म्हणजे त्याचा चेन ताणून धरणारा खालचा भाग. शिमानोच्या अल्टेग्रा आर८००० मधे जीएस (लांब केज) लागतो, एसएस (आखूड केज) ३० दातांच्या पुढे जात नाही. ५०-३४ आणि ११-३४ मिळून त्याची ३९ ची कपॅसिटी (पुढच्या आणि मागच्या दातांतल्या फरकांची बेरीज) बरोब्बर भरते, एक दातही शिल्लक नाही. दोन, ही कॅसेट ११ स्पीडच्या रोड हबवर (मागच्या चाकाच्या मधल्या भागावर) चढवायची तर मागे १.८५ मिलिमीटरची रिंग टाकावी लागते, नाहीतर लॉकरिंग आवळूनही कॅसेट खडखड हलते. कॅसेटच्या डब्यात ती असते, मेकॅनिकला समोर उभं राहून टाकायला सांगा. आमचा मेकॅनिक हातात कॅसेट घेऊन म्हणाला, "दादा, एमटीबीची आणलीत का?" आणि मग गुमान टाकली. तीन, चेन नवीन आणि लांब. जुन्या २८ च्या मापाची चेन चुकून मोठ्या-मोठ्यावर गेली तर आरडी तुटू शकतो. मोठी चेनरिंग आणि ३४ वर चेन घालून आरडी किती ताणला जातोय ते स्टँडवरच बघून घ्या. वापरायचं नसलं तरी दमल्यावर बोट चुकतंच कुणाचंही.

आणखी एक गोष्ट जी गिअरच्या चर्चेत कुणी काढत नाही ती म्हणजे शिफ्टर कुठे आहेत. मेकॅनिकल टीटी (टाइम ट्रायल) बाईकवर शिफ्टर एरोबारच्या, म्हणजे पुढे झुकून धरायच्या दांड्यांच्या, टोकाला असतात. बाजूने झोत यायला लागले की हात आपोआप खालच्या बेसबारवर जातात, ब्रेकजवळ, आणि तिथून गिअर बदलायचा तर एक हात उचलून पुढे न्यायचा, नेमका झोत आला असताना. मग माणूस गिअर बदलतच नाही, चुकीच्या गिअरवर रेटत राहतो. डीआयटू (शिमानोचे इलेक्ट्रॉनिक गिअर) असेल तर दोन्हीकडे बटणं लावता येतात, प्रश्न मिटला. नसेल तर मी सरळ सांगेन, रोड बाईक न्या आणि क्लिप-ऑन (वरून जोडायचे) एरोबार लावा. मी तेच केलं, हुडवर (ब्रेकच्या मुठींवर) हात आणि शिफ्टर एकाच जागी. पुढचं चाकही खोल रिमचं नको, वजनाने हलके असाल तर आणखीच नको.

रेसच्या दिवशी पुएर्तो देल कारमेनच्या बीचवर पोहून निघालो आणि यायसाच्या पुढे तिमानफायाचा, म्हणजे ज्वालामुखीच्या भागाचा, रस्ता लागला. सरळसोट, दोन्हीकडे लाव्हा, उंटांचा थांबा मागे जातो, चढ बघायला किरकोळ आणि वारा थेट तोंडावर. इथे पन्नास टक्के लोक मोठ्या चेनरिंगवर जोर करून पुढे जातात. जाऊ द्या. मी लवकरच छोट्यावर उतरलो, कारण ३४-१७ आणि ५०-२५ सारखंच, पण चढ वाढला की छोट्यावर खाली गिअर शिल्लक असतात. फामाराकडून तेगिसेपर्यंत आणि तिथून हारियाच्या वरच्या टोकापर्यंतचा टप्पा सगळ्यात लांबलचक, बेटाचा सगळ्यात उंच डोंगर ६७० मीटर, रस्ता त्याच्या जवळूनच जातो. सिंहगडासारखा तीव्र नाही, पण तोंडावर वारा असताना मागच्या ३० आणि ३४ दातांच्या दोन चकत्यांवरच बहुतेक वेळ गेला. आजूबाजूला काही जण सायकल नागमोडी चालवत होते, हे रेसच्या अर्ध्यात. हारियात उतरताना हेअरपिन आहेत, प्रत्येक वळणाला वाऱ्याची बाजू बदलते, तिथे गिअरबिअर विसरा, ब्रेक आणि नजर. मग मिरादोर देल रिओचा चढ. वर इथलाच कलाकार सेझार मानरिकेने कड्यात लपवून केलेली सुंदर जागा आहे, रेसमधे दिसत नाही, नंतर गाडीने जा. तिथून दक्षिणेकडे वळलं की वारा पाठीशी, आणि इथेच लोक ११ दातांवर उडायला बघतात. मी मागच्या १३ आणि १५ दातांवर हलकं फिरवत, खात-पीत आलो, कारण चढावर वाऱ्यात बाटलीला हात घालणं जमलंच नव्हतं. कोर्स अधूनमधून बदलतो, त्या वर्षीचा नकाशा घेऊन वाऱ्याची दिशा पेन्सिलने स्वतः मारून बघा.

सराव कुठे करायचा? सातारा-ठोसेघर-चाळकेवाडी. पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या तिथे. पावसाळ्याच्या तोंडाला पश्चिमेचा वारा सुटला की चढ आणि हेडविंड एकत्र मिळतो, म्हणजे तुमची कॅसेट आधीच्या वर्षीच्या जूनमधेच ठरवून टाका, एप्रिलमधे नको. पॉवर मीटर नसेल तरी चालेल, नुसता केडन्स बघा. शेवटच्या चढाला सगळ्यात हलक्या गिअरवरही ६० च्या खाली जात असेल तर अजून दोन-चार दात हवेत.

जाण्याचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा स्पेनचा, मुंबईहून माद्रिद किंवा बार्सिलोना आणि तिथून अरेसिफे (लान्झारोटेचं विमानतळ). सगळं एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर सायकलच्या बॉक्सचे पैसे दोनदा भरावे लागतात. आरडी हँगरवरून (तो फ्रेमला अडकवायच्या पट्टीवरून) सोडवून बबल रॅपमधे गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा, आणि सुटा हँगर एक जास्तीचा न्याच, तुमच्याच फ्रेमचा, तिकडे मिळेल या भरवशावर राहू नका. सीओटू सिलिंडर (पंक्चर झाल्यावर ट्यूब भरायचे) विमानात न्यायच्या भानगडीत न पडता तिथेच घ्या, बेट सायकलवाल्यांनी भरलेलं आहे. भाड्याने सायकल घ्यायचा विचार असेल तर बुक करतानाच मेल करून चेनरिंग आणि कॅसेट दोन्ही लिहून मागा, "कॉम्पॅक्ट आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, मागे २८ असलेलीही कॉम्पॅक्टच असते. शाकाहारी लोकांनी काळजी करू नये, मिठात उकडलेले सुरकुतलेले छोटे बटाटे आणि मोहो चटणी सगळीकडे मिळते, लाल मोहो आपल्याला झेपते, रेसच्या आदल्या रात्री मात्र हिरवीवर थांबा.